सिसिलीचे बाजार आणि आपला आठवडी बाजार

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात जालना येथे केलेले भाषण)



प्रवासाविषयी बोलण्याचा अधिकार ज्याने पुष्कळ प्रवास केला त्याचा. माझे आयुष्य भोकरदन आणि जालना या दोन तालुक्यांतील शाळांतून मुले शिकविण्यात गेले. नोकरीत असेतो मुंबईपलीकडचा समुद्र मी नकाशावरच पाहिला. निवृत्तीनंतर जर्मनीत राहणाऱ्या माझ्या कन्येने आणि जावईबापूंनी आम्हा उभयतांना तिकडे नेले, आणि तेथून दहा दिवसांच्या सुटीत आम्ही भूमध्य समुद्रातील सिसिली या बेटावर गेलो. हे चिटणीससाहेबांच्या कानी गेले आणि त्यांनी मला येथे उभे केले. त्यांची आज्ञा मला मोडवेना.

परंतु मी त्यांना आधीच सांगून ठेवले आहे की, तेथील राजवाडे आणि प्रार्थनामंदिरे यांचे वर्णन माझ्याकडून होणार नाही. ते पुस्तकांत पुष्कळ मिळते. तेल्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला बाजार तेवढा कळतो. मी तेथे बाजार पाहिले, आणि आज बोलणार आहे तेही बाजाराविषयीच. बोलता बोलता माझ्या हातून पन्नास वर्षांपूर्वी घडलेल्या एका अपराधाचीही कबुली देणार आहे. ती मी आजवर कोणाजवळ दिलेली नाही.

प्रथम त्या बेटाची थोडी ओळख करून देतो. सिसिली हे भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट असून ते इटली देशाचा भाग आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्याच्या तिपटीहून काहीसे अधिक. पूर्व किनाऱ्यावर एटना नावाचा जागृत ज्वालामुखी आहे आणि त्याच्या पायथ्याशी कातानिया हे शहर वसले आहे. १६६९ साली लाव्हारस या शहरापर्यंत येऊन पोहोचला. पुढे १६९३ च्या भूकंपात शहर जमीनदोस्त झाले. लोकांनी ते त्याच काळ्या दगडाने पुन्हा उभारले. रस्त्यावरची ती काळी फरसबंदी पाहून मला परक्या मुलखात आल्यासारखे वाटेना. आपल्या मराठवाड्याचा काळा पाषाण आणि काळी जमीन हीदेखील कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचीच देणगी आहे. एटनाच्या उतारावरची माती हातात घेऊन मी चुरून पाहिली, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, ही तर आपल्या रानातलीच!’’

कातानियात मुख्य चौकाच्या मागे, काही पायऱ्या उतरून गेले की मासळीबाजार लागतो. आम्ही उभयता माळकरी. उपरण्याचे टोक नाकाशी धरूनच मी तेथून पुढे सरकलो. पण जाता जाता कानांवर जे पडले त्याने मी थबकलो. विक्रेते ओरडत होते, आणि ते ओरडणे साधे नव्हते. त्याला चाल होती, हेल होता, शेवटचा स्वर लांबवून सोडण्याची एक ठरावीक रीत होती. सिसिलीच्या बोलीत या पुकाऱ्याला ‘अब्बान्निआता’ म्हणतात, आणि बाप तो मुलाला शिकवतो. शब्द मला एकही कळला नाही. तरी आपल्या बाजारात ‘घ्या हो घ्या, शेवटचा वाटा राहिला’ अशी आरोळी ज्याने ऐकली आहे, त्याला त्या हेलाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही.

मासळीच्या पलीकडे भाजीबाजार. वांगी, टोमॅटो, लसूण, मिरच्या, डाळिंबे, द्राक्षे. प्रत्येक ढिगावर पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला आणि त्यावर मालाचे नाव, तो कोठला आहे ते आणि किलोचा भाव, हे तिन्ही लिहिलेले. तेथे हा कायदाच आहे. शंभर ग्रॅमला ते ‘एत्तो’ म्हणतात आणि आपण पूर्वी छटाक-पावशेर म्हणत असू त्या सहजतेने ‘दोन एत्तो द्या’ असे मागतात. एका म्हाताऱ्याजवळ निवडुंगाच्या बोंडांचा ढीग होता. तो सुरीच्या तीन फटक्यांत साल काढून लाल गर गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवीत होता. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंग तो, ज्याची बोंडे खाऊन आपण लहानपणी ओठ रंगवले आणि काट्यांपायी मार खाल्ला. त्या फळाला ते ‘फिको दिंदिया’, म्हणजे हिंदचे अंजीर म्हणतात! वास्तविक ही वनस्पती अमेरिका खंडातली. कोलंबस ज्या देशाला हिंदुस्थान समजून बसला, तेथून ती युरोपात आली आणि ती चूक तिच्या नावात कायमची राहिली. आपल्याकडे मात्र ती फुकट उगवते आणि फुकटच वाया जाते. तेथे एकेक बोंड मोजून पैसे घेतात.

नारिंगांचे उलट आहे. सिसिलीची तांबड्या गराची संत्री युरोपभर प्रसिद्ध आहेत. इटालियन भाषेत संत्र्याला ‘अरांचा’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘नारंज’वरून, अरबी शब्द फारसी ‘नारंग’वरून, आणि तो आपल्या संस्कृत ‘नारंग’ शब्दावरून गेला. फळही याच वाटेने पूर्वेकडून पश्चिमेकडे गेले. अरबांनी ८२७ साली सिसिली जिंकण्यास आरंभ केला, ८३१ मध्ये पालेर्मो घेतले आणि पुढे दोन शतकांहून अधिक काळ त्या बेटावर त्यांचा अंमल राहिला. कडू नारिंग आणि लिंबू, आणि त्यांना पाणी देण्याची पाट-हौदांची व्यवस्था ही त्यांनी तेथे नेली. आपल्या जालन्याच्या मोसंबीला आज भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात याच मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणून तोडल्या, हेही आपण विसरलेलो नाही. तेव्हा त्या परक्या बाजारातील संत्र्यांच्या राशीपुढे मी उभा राहिलो तो काही केवळ पाहुणा म्हणून नव्हे. भाऊबंदाच्या घरी गेल्यासारखे मला वाटले.

बंधूंनो, आता आपल्या तेलाकडे येतो.

आपल्या भाषेत ‘तेल’ हा शब्द ‘तीळ’ या शब्दापासून आला, हे आपणांस ठाऊकच आहे. तिळाचे ते तैल. पुढे तोच शब्द करडईच्या, जवसाच्या, भुईमुगाच्या रसालाही लागला. इटालियन भाषेत तेलाला ‘ओलिओ’ म्हणतात. त्याचे मूळ ‘ओलिवा’ या शब्दाच्या कुळात, म्हणजे ऑलिव्ह या फळात आहे. ज्या मुलखाने ज्या बीजातून वा फळातून प्रथम स्नेह काढला, त्याचेच नाव त्याने सगळ्या तेलांना दिले. तिकडचे तेली ऑलिव्हचे, आपण तिळाचे. पण तीळही तेथे आहे. सिसिलीचा पाव वरून तिळाने मढविलेला असतो आणि त्यांच्या बोलीत तिळाला ‘जुज्जुलेना’ हे अरबी वळणाचे नाव आहे. मधात घोळलेल्या तिळाच्या वड्या तेथे मिळतात. सौभाग्यवतींनी एक तुकडा तोंडात टाकला आणि त्यांना संक्रांतीची आठवण झाली. पालेर्मोच्या बाजारात हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून, घट्ट झाल्यावर थापून, वड्या पाडून तळतात आणि पावात घालून देतात. त्यांना ‘पानेल्ले’ म्हणतात. आपल्या पाटवड्या तळल्या तर याहून काय निराळे होणार?

कातानियाच्या बाजारात एका कोपऱ्यात तेलाचे दुकान होते. दुकान म्हणजे एक लाकडी फळी, वर कापडाची सावली, फळीवर पत्र्याचे डबे आणि काळसर बाटल्या. मागे सत्तरीच्या पुढचा एक गृहस्थ बसला होता. जावईबापूंनी जर्मन भाषेत सहज विचारले आणि तो त्याच भाषेत उत्तरला. तरुणपणी बारा वर्षे तो जर्मनीच्या कारखान्यात राबला होता. १९५५ साली जर्मनी आणि इटली यांच्यात मजूर पाठविण्याचा करार झाला, तेव्हापासून दक्षिण इटलीतले असंख्य लोक असे गेले आणि त्यांतले काही परत आले. त्याला मी सांगितले की, माझे वडील आणि आजोबा तेली होते. हे ऐकताच त्याने मला फळीच्या आत बोलावून घेतले, स्टुलावर बसविले, पावाचा तुकडा तेलात बुडवून माझ्या हातावर ठेवला आणि घशाशी बोट नेऊन खूण केली. नव्या तेलाने घशात किंचित तिखट लागले पाहिजे. लागले नाही तर ते तेल जुने किंवा भेसळीचे. माझ्या घशात तिखट लागले. मला खोकला आला, आणि तो हसला.

त्याच्याकडून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होते. फळ तोडल्यावर ते एक-दोन दिवसांत गाळावे लागते. पडून राहिले की आंबते आणि तेलातील आम्लता वाढते. पहिल्या प्रतीच्या तेलात ही आम्लता शेकडा ०.८ हून अधिक असता कामा नये, असा युरोपचा नियम आहे. किरकोळ विक्रीचे तेल पाच लिटरांहून मोठ्या भांड्यात विकता येत नाही आणि एकदा उघडलेले झाकण पूर्ववत बंद करता येऊ नये, असेही बंधन आहे. डब्यावर तेल कोठले ते लिहावे लागते. २०१६ साली सिसिलीच्या तेलाला स्वतंत्र संरक्षित नाव मिळाले. दुसऱ्या ठिकाणचे तेल त्या नावाने विकणे हा गुन्हा आहे. मी विचारले, ‘‘इतक्या नियमांनी लहान माणसाचा धंदा मोडत नाही का?’’ तो म्हणाला, ‘‘मोडला असता. पण गावातल्या आम्ही सगळ्यांनी मिळून एक गिरणी केली. नियम सगळ्यांना एकदाच पाळावा लागतो.’’

हे वाक्य मी त्याच रात्री वहीत उतरवून घेतले.

आपल्या घाण्याचे काय झाले? नव्या पिढीने घाणा पाहिला नाही, म्हणून सांगतो. उखळात बी टाकायचे, लाकडी लाट बैलाने फिरवायची, बैलाच्या डोळ्यांवर झापड, आणि खाली निथळणारे तेल. उरलेली पेंड गुरांना. प्रथम विजेवर चालणारी यंत्रे आली. जे काम बैल दिवसभरात करी ते त्यांनी घटकेत केले. मग डबाबंद तेले आली. भेसळीची भीतीही खरी होती. १९९८ साली दिल्लीत धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झालेले मोहरीचे तेल खाऊन साठांहून अधिक माणसे दगावली. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी सुटे खाद्यतेल विकण्यास मनाई झाली. हा धोतरा म्हणजे पिवळ्या फुलांचा काटेधोतरा. आपल्या पडीक रानात तो उदंड आहे, म्हणून आपल्याला हे अधिक कळावे.

पण याहून मोठे कारण शेतात घडले. करडई, जवस, तीळ, भुईमूग ही पिके घाण्याला देता येतात. तीळ आणि भुईमुगाच्या दाण्यांत जवळजवळ निम्मे तेल असते. त्यांच्या जागी मराठवाड्यात सोयाबीन आले. सोयाबीनमध्ये तेल शेकडा अठरा-वीसच. लाकडी घाण्याने ते परवडण्याइतके निघत नाही. त्याला रासायनिक द्रावकाने तेल ओढणारे मोठे कारखाने लागतात. ज्या दिवशी करडई रानातून गेली, त्या दिवशी तेल्याच्या हातचे बी गेले. यात शेतकऱ्याचा दोष नाही. सोयाबीन शंभर-एक दिवसांत निघते, त्याला काटे नसतात, आणि मजूर मिळत नाहीत अशा काळात करडईच्या काट्यांत कोण हात घालणार? मात्र परिणाम असा की, ज्या देशाने तेलाला तिळाचे नाव दिले, तो देश आज आपल्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून आणतो.

कातानियाहून आम्ही पालेर्मोला गेलो. तेथे बाल्लारो, कापो आणि वुच्चिरिया असे तीन जुने बाजार आहेत. इब्न हौकल नावाचा अरब प्रवासी ९७३ च्या सुमारास पालेर्मोत येऊन गेला आणि त्याने तेथील बाजारांचे वर्णन लिहून ठेवले. त्यात त्याने तेलविक्यांच्या बाजाराचाही उल्लेख केला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात आपला धंदा भेटला, याचा मला आनंद झाला. पण सगळे गोड सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. वुच्चिरियाचा जुना बाजार आता बराच उठला आहे. दिवसा मोजकी दुकाने आणि रात्री मद्याच्या मैफली, अशी त्याची अवस्था आहे. चित्रकार रेनातो गुत्तुसो यांनी १९७४ साली त्या बाजाराचे मोठे चित्र काढले. त्यातली गर्दी आज चित्रातच राहिली आहे. बाजार हा देवळासारखा दगडाने टिकत नाही. माणसे यायची थांबली की तो उठतो, आणि एकदा उठला की पुन्हा बसत नाही.

आणखी एक दुखणे त्या शहरात आहे. दुकानदाराकडून गुंड खंडणी वसूल करतात. तिला ‘पित्सो’ म्हणतात. लिबेरो ग्रासी या कापडाच्या कारखानदाराने ती देण्याचे उघडपणे नाकारले आणि २९ ऑगस्ट १९९१ रोजी त्याचा खून झाला. तो एकटा पडला होता. पुढे २००४ मध्ये काही तरुणांनी ‘अदिओपित्सो’ ही संघटना काढली आणि खंडणी न देणाऱ्या दुकानांतूनच खरेदी करू, अशी गिऱ्हाइकांची एकजूट बांधली. २०१६ साली बाल्लारोच्या शेजारच्या रस्त्यावरील बांगलादेशी दुकानदारांनी एकत्र येऊन पोलिसांत तक्रार दिली आणि खंडणीखोरांना अटक झाली. हे लोक परके, भाषा अर्धीमुर्धी, तेथे नातेगोते नाही. पण ते एकत्र गेले. एकट्याचा जीव गेला आणि एकत्र गेलेल्यांचे दुकान राहिले, एवढा भेद आपण ध्यानात ठेवावा.

पालेर्मोहून रात्रीच्या बोटीने आम्ही नेपल्सला उतरलो. तेथील वस्तुसंग्रहालयात वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पॉम्पेई हे शहर गाडले गेले. तेथील एका घरात ती १९३८ साली सापडली. अंगावरचे दागिने, बाजूच्या दोन लहान दासी, सगळे भारतीय आहे. आणि बंधूंनो, तिच्याशी विलक्षण साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती, भग्न का होईना, कोठे सापडली? आपल्या भोकरदनला! केळणा नदीच्या काठी १९७३ मध्ये उत्खनन झाले, त्यात ती मिळाली. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या गावांत भोगवर्धनाचे नाव कोरलेले आहे. पॉम्पेईची मूर्ती भोकरदनकडच्या कारागिरांनीच घडविली असावी, असे मत काही पुरातत्त्वज्ञांनी मांडले आहे. तिच्यावर खरोष्ठी लिपीतील खूण असल्याने दुसरे तिला वायव्येकडची मानतात. तो वाद पंडितांनी सोडवावा. पण पहिल्या शतकातील ग्रीक नाविकांच्या प्रवासग्रंथात पैठण आणि तेर येथून गाड्या भरभरून माल भडोचच्या बंदराला जात असल्याचे लिहिले आहे, आणि पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या मार्गावर भोगवर्धन होते, याविषयी वाद नाही. मी भोकरदनच्या शाळेत बरीच वर्षे इतिहास शिकविला. त्या काचेच्या पेटीपुढे उभा असता मला वाटले की, आपल्या गावच्या बाजारात बसलेला कोणी एक माणूस दोन हजार वर्षांपूर्वी या समुद्रापर्यंत पोहोचला होता. मुलांना मी हे शिकविले खरे. पण बाजारात बसणाऱ्या माणसाची किंमत मला स्वतःला कळली नव्हती.

आता ती कबुली.

१९७५ सालची गोष्ट. घाणा तेव्हा मरणपंथाला लागला होता, पण वडील आठवडी बाजारात तेल घेऊन बसत. गोणपाटाची बैठक, पितळी बुधला, मापे, पळी. उन्हासाठी वर धोतराचे पाल. मी जालन्याला शिकत होतो. एकदा सुटीत शाळेतले दोन मित्र माझ्याबरोबर गावी आले. चांगल्या घरची मुले होती. बाजाराच्या दिवशी आम्ही गुजरीतून चाललो होतो. वडिलांनी मला दुरून पाहिले. त्यांचे हात तेलाचे होते. त्यांनी हाक मारण्यासाठी तोंड उघडले, आणि मी मान फिरवून पलीकडच्या कापडाच्या पालांकडे पाहू लागलो. मित्राने विचारले, ‘‘ते तुला बोलावताहेत का रे?’’ मी म्हणालो, ‘‘नाही, दुसऱ्या कोणाला असेल.’’ आम्ही पुढे गेलो. त्यांनी हाक मारली नाही.

संध्याकाळी ते घरी आले. नित्याप्रमाणे त्यांनी गोडीशेवेची पुडी काढली आणि आम्हा तिघांपुढे ठेवली. मित्रांशी ते चांगले बोलले. मला ते त्या दिवशी काही बोलले नाहीत आणि पुढे कधीही बोलले नाहीत. त्याच तेलाच्या पैशावर मी शिक्षक झालो. १९९३ साली ते गेले. माझ्या मनात ती गोष्ट होती आणि त्यांच्याही मनात ती असली पाहिजे. पण अठरा वर्षांत आम्ही दोघांनी तिचा उच्चार केला नाही.

कातानियात मी त्या तेलवाल्याच्या स्टुलावर बसलो असता दुपारी शाळा सुटली. तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा पाठीवर दप्तर घेऊन गर्दीतून आला. त्याच्याबरोबर दोन सोबती होते. फळीपाशी येऊन त्याने दप्तर खाली ठेवले, म्हाताऱ्याच्या गालाला गाल लावला, आणि सोबत्यांच्या देखत डबा उचलून आजोबांच्याच हेलात आरोळी ठोकली. सोबती हसले, तोही हसला, आणि तिघे मिळून ओरडू लागले. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिले, आणि मला पुढे पाहवेना. जावईबापूंना वाटले, तेलाचा तिखटपणा अजून घशात आहे. मी तसेच वाटू दिले.

बंधूंनो, संताजी जगनाडे महाराज तेल विकत आणि तुकोबारायांचे अभंगही लिहून ठेवीत. तुकोबाही दुकानात बसलेले. त्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो. पण आपल्याच आईबापांच्या तागडीची आपल्याला लाज वाटते, हे कसे? ‘जालना, सोने का पालना’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पण तो पाळणा बाजारानेच हलविला. मोंढ्याच्या आडतीपासून आठवडी बाजाराच्या गोणपाटापर्यंत जे बसले, त्यांनी या मुलखाला अन्न, वस्त्र आणि आम्हाला शाळेची फी दिली.

मी घाण्याला बैल पुन्हा जोडा, असे म्हणणार नाही. गेलेला काळ ओढून आणता येत नाही. पण तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत, त्या आपल्यापुढे ठेवतो.

पहिली ही की, आज आपल्या तरुणांपैकी काहींनी विजेवरचे लाकडी घाणे सुरू केले आहेत आणि शहरातील माणूस त्या तेलाला चार पैसे अधिक देतो. परंतु बाटली, लेबल, तपासणी, नोंदणी हे ज्याचे त्याने करायचे म्हटले की तो दमतो. त्या सिसिलीकराचे वाक्य आठवा. चार-पाच गावांनी मिळून एक घाणा, एक नोंदणी, एक तपासणी करावी. बियाण्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईच्या जाती काढलेल्या आहेत. आपल्यातील शेतकऱ्यांनी बांधाकडेच्या थोड्या रानात का होईना ती पेरावी, आणि घाणेकऱ्यांनी भाव आधी ठरवून द्यावा.

दुसरी गोष्ट बाजारात बसणाऱ्या आपल्या माउल्यांची. ऊन, पाऊस, आडोसा नाही, प्रसाधनाची सोय नाही, आणि वर तहबाजारीची पावती. शहरांसाठी २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्याप्रमाणे शहराच्या समितीत शेकडा चाळीस सभासद विक्रेत्यांतून निवडलेले असावे लागतात आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. आपल्यापैकी किती जणींना हे ठाऊक आहे? गावोगावच्या बाजारांची व्यवस्था ग्रामपंचायतीकडे असते. तेथे आपलेच सभासद बसतात. एक निवारा आणि एक पाण्याचा नळ यांसाठी संघटनेने अर्ज करावा, एकेकटीने करू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत कठीण. आपल्या वसतिगृहातील आणि घरातील मुलामुलींनी महिन्यातून एक दिवस आपल्या माणसांजवळ बाजारात बसावे. हिशेब ठेवावा, भाव लिहिलेली पाटी लावावी, आणि मित्र समोरून आले तर त्यांना हाक मारावी. याला पैसा लागत नाही.

माझ्यापुरते सांगतो. वडिलांचा पितळी बुधला माझ्याकडे आहे. आजवर तो माळ्यावर होता. सिसिलीहून परत आल्यावर मी तो चिंच लावून घासला. माझी नात अकरावीत आहे. तिला मी ही हकिकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, ‘‘आजोबा, आपण दोघे जाऊन बसू.’’ आमच्या गावातील एका तरुणाने काढलेले करडईचे तेल बाटल्यांतून घेऊन आम्ही येत्या बाजाराच्या दिवशी बसणार आहोत, जेथे वडील बसत त्याच ओळीत. त्या बुधल्यात आता तेल असणार नाही. तो नुसता शेजारी ठेवणार आहे. आपल्यापैकी कोणी तिकडून गेलात, तर मान फिरवू नका.